मुतखडा आणि बेकरीवाल्याची गादी

सोमवार, ४

चष्मेवाल्या डॉक्टरणीने सांगितलंय, रोज पाणी किती प्यायलं आणि दुखलं किती ते लिहून ठेवायचं. मुलाने वही आणून दिली. मी शाळेत गेले चौथीपर्यंत, त्यातलं एक वर्ष गालगुंडांनी खाल्लं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. डॉक्टरणीला पाण्याचं वेगळ्या चिठोऱ्यावर लिहून देईन. ही वही माझी.

पाणी: भरपूर. दुखणं: होतं.

झालं असं की बेकरीवाल्याची मोठी गादी दुरुस्तीला आली होती. मधोमध कापसाची गुठळी. रात्रभर पाठीत धोंडा टोचतो म्हणाला. टेबलावर घेतली, एक बाजू उसवली, हात कोपरापर्यंत आत घातला, आणि कोणीतरी माझ्याच कुशीत दाभण खुपसल्यासारखं झालं. तशीच कापसावर आडवी झाले. सून धावली, मुलगा धावला, दवाखाना झाला.

डॉक्टरणीने फोटो दाखवला. डाव्या किडनीत खडा आहे, पण खड्यासारखा खडा नाही. आल्याच्या तुकड्यासारखा, फाटे फुटलेला, सगळ्या खोल्या अडवून बसलेला. म्हणाली, आजी, ही किडनी आता निम्म्यानेच चालते. हा काढला नाही तर तीही बंद पडेल. मी म्हटलं, दुसरी आहे ना? म्हणाली, आहे, पण पुढे तिला काही झालं तर सुटा भाग बाजारात मिळत नाही. पोरीला बोलता येतं.

गादी तशीच उघडी पडलीय. आमच्या दुकानाचा नियम सासूबाईंचा आहे: ज्याने उसवली त्यानेच मिटवायची. कुठला थर कुठे होता, कुठे कापूस विरलाय, कुठे दबलाय, ते उसवणाऱ्याच्या हाताला ठाऊक. दुसऱ्याने शिवली की वरून झकास दिसते आणि महिन्याभरात खड्डा पडतो. सुनेला बजावलंय, त्या गादीला हात लावायचा नाही. मी येऊन मिटवीन.

बुधवार, ६

आज डॉक्टरणीने खडा काढायच्या वाटा समजावल्या. मुलगा मान हलवत होता, त्याला काही कळलं नाही. मला लगेच कळलं, कारण गादीतली गुठळी काढायच्याही याच वाटा आहेत.

पहिली, बाहेरून धक्के देऊन फोडायचा. दुसरी, लघवीच्या वाटेनेच बारीक दुर्बीण वर न्यायची आणि लेझरने जाळून भुगा करायचा. कापायचं काही नाही. तिसरी, पाठीला बोटाएवढं भोक पाडून तिथून आत जायचं, खडा फोडायचा आणि तुकडे ओढून काढायचे. चौथी, कूस उघडून सरळ हाताने उचलायचा, जुन्या काळी करायचे तसा. डॉक्टरणीचा कल तिसरीकडे. चौथी आता क्वचित करतात म्हणाली.

घरी आल्यावर जावई आला. तो मोबाईलवर वाचून वाचून निम्मा डॉक्टर झालाय. लेझर म्हणजे लेझर, म्हणाला. मुलाला वाटतं धक्के बरे, कारण त्याला रक्त बघवत नाही. रक्त माझं, घेरी त्याला. सून म्हणाली, डॉक्टर म्हणतात ते ऐकूया. तिला कोणी विचारलं नव्हतं.

शुक्रवार, ८

पाणी: इतकं की आत वल्हवत बसावं. दुखणं: बारीक.

दुकानात जाऊन आले. दुखण्याआधी शिवलेल्या गादीचे शेवटचे टाके हात थरथरून वाकडे गेले असं मला वाटलं होतं. आज बघितलं तर दोरी धरल्यासारखे सरळ. डोळे गेलेत माझे, हात मात्र शाबूत आहे.

सुनेचं काही लक्षण ठीक दिसत नाही. रोज सगळ्यांच्या आधी उठून दुकान झाडायला जाते. एवढं काय झाडते, दुकान आहे का विमानतळ. उजव्या हाताच्या बोटाला पट्टी आहे. विचारलं तर म्हणे भाजी चिरताना कापलं. सुरी ज्या हातात धरायची तोच हात कसा कापतो ते तिलाच माहीत. धांदरट आहे.

मला वेगळाच संशय आहे. मागे एकदा ती म्हणाली होती की लोक हल्ली फोमच्या गाद्या मागतात. फोम म्हणजे वाळलेला पाव. मी महिना-दोन महिने आडवी पडले की ही कापूस बाहेर काढून फोम आत आणणार. तेव्हा खडा असा निघाला पाहिजे की मी लगेच दुकानात. माझ्या हिशेबाने प्रश्न एवढाच आहे.

रविवार, १०

आज दुकान बंद. मी म्हटलं, तोंडाने भांडण्यापेक्षा करूनच बघू. चार उशा घेतल्या, चारींत आल्याचा एकेक फाटेवाला तुकडा खोल घालून शिवला. एकेकाला एकेक वाट दिली. जावयाला आधी हसू आलं, मग त्याने बाह्या सरसावल्या.

मुलगा धक्केवाला. उशी जमिनीवर ठेवून कापूस झोडायच्या दांडक्याने बडवत सुटला. आलं फुटलं, पण उशीभर झालं. जावयाने कापूस भरायच्या कोपऱ्यातून वाकडी तार घातली आणि मोबाईलची बत्ती दातांत धरली. तार आल्याला लागली की म्हणायचा, आलं आलं, आणि बाहेर यायचा कापूस. सुनेने पाठीमागून बोटाएवढी चीर दिली, आत लहान पक्कड घातली, आलं आतल्या आत मोडलं आणि एकेक तुकडा काढून बशीत ठेवला. नंतर बशीत ते तुकडे जुळवून पुन्हा आख्खं आलं करून बघितलं. म्हटलं, हे काय. म्हणाली, काही राहिलं का ते कळतं. फार वेळ खाल्ला त्यात.

माझी चौथी वाट. ब्लेडने शिवण सरकन उघडली, हात घातला, आलं आख्खंच्या आख्खं मुठीत. जावयाची तार अजून कोपऱ्यात अडकलेली.

निकाल लागला. कूस उघडायची. सगळ्यांना भूक लागली म्हणून जेवायला घरी आलो. जावई आपली उशी आठवण म्हणून घेऊन गेला.

बुधवार, १३

कूस उघडणारे मोठे साहेब शोधून काढले. मोठा दवाखाना, गुळगुळीत फरशी, साहेबांच्या मागे पुढे चार माणसं. साहेब गोड बोलले. फोटो बघून म्हणाले, काढू आपण, हरकत नाही. पण हल्ली पाठीतून भोक पाडूनच करतात, तुम्ही कूस उघडायचा आग्रह का धरता? मी उशीचं सांगितलं. ते मुलाकडे बघायला लागले.

मग म्हणाले, या वाटेने गेलात तर दीड-दोन महिने वाकायचं नाही, उचलायचं नाही. माझ्या डोळ्यांपुढे फोमचे गठ्ठे आले. तरी धीर धरून विचारलं, साहेब, उसवणार तुम्ही. शिवणार कोण?

"माझा असिस्टंट. फार सफाईदार हात आहे त्याचा."

मी उठले. नमस्कार केला आणि चालायला लागले. मुलगा मागून साहेबांची माफी मागत आला. बसमधून उतरताना म्हणाला की आई, तू माणूस आहेस, गादी नाही. मी म्हटलं, तेच तर. गादीला मी जे करू देत नाही ते माझ्या कुशीला करू देऊ?

शनिवार, १६

दोन दिवस मी लेझरवाली झाले होते. उसवणं नाही, शिवणं नाही, म्हणजे नियमाचा प्रश्नच मिटला. जावयाला फोन करून तसं सांगितलं. त्याची छाती एवढी फुगली की फोनमधून ऐकू आली.

आज तोच तोंड पाडून उशी घेऊन आला. त्याने घरी नेऊन कोपऱ्यातून आलं काढलं होतं खरं, पण बारीक कण आत राहिले. चार दिवस तो त्या उशीवर झोपतोय आणि डोक्याला आल्याचा वास येतोय. ऑफिसात शेजारचा म्हणाला, खोकला झालाय का, काढा घेताय का.

दवाखान्यात फोन करून विचारलं. चष्मेवाली म्हणाली, लहान खड्याला लेझर उत्तम. तुमच्याएवढ्याला दोन-तीनदा जावं लागेल, मध्ये आत नळी ठेवावी लागेल, आणि कण मागे राहिले तर त्यांच्यावर पुन्हा खडा वाढतो. धक्क्यांचं विचारलंच नाही. मुलाने बडवलेली उशी मी आधीच फेकून दिलीय.

सोमवार, १८

ठरवलं. काही करायचं नाही. खडा इतकी वर्षं आत राहिला, माझ्याशी कधी उलटून बोलला नाही. घरातल्या बाकीच्यांपेक्षा बरा. राहू दे.

मला भीती वाटत नाही. पाठीतून करतात तेव्हा पालथं झोपवतात, भूल देतात, म्हणजे कोण काय करतंय ते बघता येत नाही, एवढंच. मी आजवर कोणाला माझ्या पाठीमागे काम करू दिलेलं नाही. आणि समजा उठलेच नाही, तर बेकरीवाल्याची गादी कोण मिटवणार? उघडी गादी टाकून जाणं बरं दिसत नाही.

बेकरीवाला आज दुकानात येऊन गेला. पिठाच्या पोत्यांवर झोपतोय म्हणे. सकाळी बायको झटकून उठवते.

गुरुवार, २१

दवाखान्यातून लिहितेय. परवा दुपारी हुडहुडी भरली. तीन पांघरुणं घेतली तरी दात वाजत होते. सुनेने कपाळाला हात लावला आणि कोणाला न विचारता गाडी बोलावली. मी नको म्हणत होते. तिने मला शब्दशः उचललं. कापसाचे गठ्ठे उचलून बाईला ताकद आलीय. गठ्ठे मी उचलते असं मला वाटत होतं.

लघवीत जंतू झाले होते, ते वर चढले. हाताला सलाइन. चष्मेवाली आली, आवाज न चढवता बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, आजी, खड्याच्या फटीत जंतू बसलेत. औषधाने आज गेले, खडा आहे तोवर परत येतील. पुढच्या वेळी किडनी जाईल, कदाचित तुम्हीही. मग खुर्ची ओढून बसली. मुलाने तिला उशांचं सांगितलेलं दिसलं.

"तुमची शिवण सगळ्यांत लवकर उघडली. मिटवायला किती वेळ लागला?"

मिटवायला. त्या दिवशी आम्ही जेवायला गेलो.

"कोणी शिवली ती उशी, आजी?"

मला आठवेना. मी तर नाही शिवली. मुलाकडे बघितलं, तो सुनेकडे बघत होता. सून सलाइनच्या थेंबांकडे. म्हणजे उसवली मी आणि मिटवली हिने. सासूबाई असत्या तर मला दुकानाच्या पायरीवर उभं केलं असतं.

डॉक्टरणीला म्हटलं, बरं. तुझ्या वाटेने भोक कोण पाडणार? म्हणाली, मी. खडा कोण फोडणार? मी. आणि शिवणार कोण?

"मीच. एकच टाका. कधी कधी तोही लागत नाही."

लागेल, म्हटलं. घाल. मग तिने वाईट तेही सांगितलं. रक्त जास्त जाऊ शकतं, एखादा तुकडा राहिला तर पुन्हा जावं लागेल. आधी ताप पूर्ण जाऊ दे म्हणाली. जी बाई गिऱ्हाइकाला आधीच सांगते की डाग जाईलच असं नाही, तिच्याकडे कपडा टाकायला हरकत नसते. म्हटलं, कर.

बुधवार, २७

उद्या.

सून डोक्याला तेल लावून देते म्हणाली. नको म्हटलं. लावलं तिने. हात हलका आहे, पण बोटांच्या टोकांना घट्टे पडलेत. झाडू मारून घट्टे पडतात हे मला नवीन.

ती म्हणाली, आई, गादीची काळजी करू नका. मी म्हटलं, हात लावू नकोस. म्हणाली, नाही लावणार. मग म्हणाली, तुम्ही यायच्याच आहात.

शनिवार, ३०

झालं. उठले. वर कोणी घेतलं नाही.

पाणी: नळीतून आणि तोंडातून. दुखणं: पाठीवर गाढव बसल्यासारखं, पण आता उठून जायच्या बेतात आहे. लघवी पहिल्या दिवशी बीट उकळल्यासारखी लाल होती. मुलाने पिशवी बघितली आणि भिंतीला टेकून खाली बसला. नर्सने आधी त्याला पाणी दिलं, मग मला.

खड्याचे तुकडे डॉक्टरणीने बाटलीत घालून दिले. सुनेने कागद पसरला, तुकडे ओतले आणि बशीतल्या आल्यासारखे जुळवत बसली. एका फाट्याचं टोक मिळेना. तिने सरळ जाऊन डॉक्टरणीला गाठलं. डॉक्टरणीने नवा फोटो काढून दाखवला, आत काही नाही, टोकाचा भुगा झाला. पण म्हणाली, बरं झालं विचारलंत. मला जरा अभिमान वाटला. म्हणजे डॉक्टरणीचा.

आत एक बारीक नळी ठेवलीय, दोन आठवड्यांनी ओढून काढतील. टाका बघितल्याशिवाय मी घरी जाणार नव्हते. एक आरसा सुनेच्या हातात, एक माझ्या. पट्टी बदलताना बघितला. एकच टाका, सरळ, ओढलेला नाही, सैलही नाही. चष्मेवालीला म्हटलं, दवाखाना बंद पडला तर दुकानात ये. म्हणाली, पगार किती? तिथेच विषय संपवला.

शुक्रवार, ६

घरी येऊन कंटाळले. महिनाभर वजन नाही, वाकणं नाही, जोर लावणं नाही. बसायला मनाई नाही. म्हणून आज खुर्ची टाकून दुकानात बसले. फोमचा तुकडासुद्धा दिसला नाही. टेबलाखाली पण बघितलं, काठीने.

एक गिऱ्हाईक आलं, फोम आहे का म्हणालं. सून म्हणाली, आमच्या आई आहेत तोवर नाही. ऐकलं मी. म्हणजे माझ्या मरणाची वाट बघतेय. बघू दे. निम्मी किडनी पुन्हा कामाला लागतेय, बराच वेळ लागेल तिला.

बेकरीवाल्याची गादी जशीच्या तशी उघडी. वर धूळ बसू नये म्हणून धुतलेली चादर टाकलेली, पण कापसाचं बोंडही हललेलं नाही. मी हात घालून बघितलं, माझा हात होता तिथे खळगासुद्धा तसाच.

तेवढ्यात बेकरीवाला आला. कानात पीठ. रडवेला होऊन म्हणाला, आजी, बायको म्हणते एक तर गादी आण नाही तर पोत्यांशीच संसार कर.

दाभण घेतलं. ताठ कापसातून पलीकडे काढायला जोर लावला तर पाठीत टाक्याने ओळख दिली. ठेवलं खाली. सून बघत होती, पुढे आली नाही. सांगितल्याशिवाय येणारही नव्हती. नियम तो नियम. माझ्याएवढी हट्टी आहे, कुठे शिकली देव जाणे.

मग विचार केला, त्या डॉक्टरणीने पाठीत हात न घालताच आतलं बघितलं की. दुर्बिणीतून. सुनेला म्हटलं, ये इकडे. दुर्बीण तू. सांगणारी मी, हात तुझा. म्हणजे मीच मिटवली असं धरायचं. ती म्हणाली, चालेल ना, आई? मी म्हटलं, दुकान कोणाचं आहे?

गुठळी काढली. मी थर सांगत गेले, ती लावत गेली. दर टाक्याला विचारायची, आता कुठे घालू, एवढा ओढू का. मी सांगायची. मात्र एक बघितलं. मी कोपरा दुमड म्हणायच्या आत कोपरा दुमडलेला असायचा. दोऱ्याला मेण लाव म्हणायच्या आत लावलेलं असायचं. दाभण पलीकडून बाहेर येताना ती उजव्या हाताच्या त्याच बोटाने ढकलते, पट्टी होती ते.

मला सासूबाईंनी तीन वर्षं नुसता दोरा ओवायला लावला होता. ही एका दुपारीत शिकली. शिकवणाऱ्यात फरक असतो.

सोमवार, ९

पाणी: भरपूर. दुखणं: नाही म्हटलं तरी चालेल.

बेकरीवाला पावांची पिशवी घेऊन आला. म्हणाला, आजी, तुमचा हात तसाच आहे, गादी अगदी नेहमीसारखी. हात आहेच तसा, म्हटलं. सून कापसाच्या गठ्ठ्यामागे जाऊन खोकायला लागली. जावयाची उशी दिली असेल कोणीतरी तिला.

तो गेल्यावर दुकानात होत्या नव्हत्या त्या सगळ्या गाद्यांच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. नुकत्याच झालेल्या, दोन महिन्यांपूर्वीच्या, गिऱ्हाइकाने न नेलेली ती वर्षभरापूर्वीची. अंगठ्याला वयाचं काही होत नाही. बेकरीवाल्याच्या गादीचा टाका आणि या सगळ्यांचा टाका, एकच हात. माझ्या टाक्यापेक्षा कणभर घट्ट.

चहा झाल्यावर सुनेला म्हटलं, उद्यापासून भल्या पहाटे झाडायला जात जाऊ नकोस. दिवसाउजेडी शिवत जा. अंधारात डोळे बिघडतात, मग उतारवयात टाके वाकडे दिसतात.

ती पाव कापत होती. या वेळी सुरी उजव्या हातात होती आणि बोट कापलं नाही.

डॉक्टरणीसाठी चिठोऱ्यावर फक्त पाणी आणि दुखणं उतरवून घेतेय. नळी काढायच्या दिवशी द्यायचं. बाकीचं तिला काय करायचंय.